२८ दिवसांतला एक दिवस : रजेवर घरी येताना मांडवी एक्स्प्रेस

मस्कतहून सुटलेले विमान पहाटे मुंबईत टेकते, तेव्हा माझ्या रजेचा पहिला दिवस सुरू झालेला असतो. ओमानच्या अंतर्भागातील एका तेलक्षेत्रावर मी सहा वर्षे उपकरण-तंत्रज्ञ म्हणून काम केले. ५६ दिवस काम आणि २८ दिवस रजा असा आमचा करार होता आणि येण्याजाण्याचे दिवसही त्या २८ मध्येच धरलेले असत. घर राजापूर तालुक्यात आहे. पहाटे मुंबईत उतरल्यावर सकाळी ७.१० ची, गोव्याला जाणारी मांडवी एक्स्प्रेस पकडून सगळा दिवस गाडीत काढायचा आणि दुपार कलताना राजापूर रोडला उतरायचे, हे मोजक्या रजेत परवडते का, असा प्रश्न आमच्या कॅम्पमधील कोकणातली मुले मला नेहमी विचारत. आतापर्यंत तेरा-चौदा वेळा मी याच गाडीने घरी आलो आहे. गेल्या नोव्हेंबरात ओमानची नेमणूक संपवून कतारमधील नव्या नेमणुकीवर रुजू होण्याआधीच्या रजेतही याच गाडीने आलो. त्या अनुभवावरून सविस्तर उत्तर लिहीत आहे.

उत्तर होकारार्थी आहे. मात्र ते माझ्या लक्षात यायला पहिली दोन वर्षे गेली. त्या काळात दिवस वाचवायचा म्हणून मी रात्रीचाच प्रवास करीत असे. दिवसभर मुंबईत बहिणीकडे थांबायचे, संध्याकाळी खासगी बसमध्ये बसायचे आणि उजाडताना घरी पोहोचायचे, असा बेत असे. एकदा त्या बसने मला पहाटे साडेतीनला आमचा फाटा ओलांडून दोन किलोमीटर पुढे उतरवले. सामान रस्त्याच्या कडेला, फोनची बॅटरी संपलेली आणि आजूबाजूला कुत्र्यांशिवाय कोणी नाही, अशा स्थितीत भाऊ मोटारसायकल घेऊन शोधत येईपर्यंत मी माझ्याच खोक्यावर बसून होतो. घरी पोहोचल्यावर जो झोपलो तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला कशाचेच भान नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी आई चहा देताना म्हणाली, "दोन दिवस नुसता झोपलास. आता सव्वीसच राहिले." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, तिने फक्त हिशेब सांगितला होता. पण वाचवलेला दिवस मी दुप्पट करून गमावला होता, हे त्या एका वाक्याने मला समजले.

त्यानंतरच्या रजेला मांडवीचे तिकीट काढले.

आरक्षणाबद्दल आधी सांगतो, कारण परदेशातून येणाऱ्याची खरी अडचण तिथेच असते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेने आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली आहे. वर्ष-दोन वर्षांनी येणाऱ्यांना ही मुदत अपुरी वाटते, पण ५६ दिवसांच्या पाळीवर काम करणाऱ्याच्या ती चांगलीच पथ्यावर पडते. रजा संपायला चार दिवस उरतात तेव्हा पुढच्या रजेच्या पहिल्या दिवसाचे आरक्षण खुले होते, म्हणजे पुढच्या खेपेचे तिकीट मी घरीच बसून, सकाळी आठच्या ठोक्याला काढू शकतो. माझ्या घरी आता हा नेमच झाला आहे. निघण्याची बांधाबांध सुरू होते त्याच सकाळी परत येण्याचे तिकीट हातात पडते, आणि आईला ते मोबाइलवर दाखवल्याशिवाय मी पुढच्या कामाला लागत नाही.

अडचण येते ती रिलिव्हर वेळेवर आला नाही तर. साइटवर आपल्या जागी येणारा माणूस विमानात बसल्याशिवाय आपली सुटका नसते. त्याचा व्हिसा अडकला किंवा वैद्यकीय तपासणी लांबली की आपले तिकीट वाया जाते आणि मग तत्काळशिवाय पर्याय उरत नाही. तत्काळचे आरक्षण आदल्या दिवशी वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहाला आणि शयनयानासाठी अकराला सुरू होते. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. वाळवंटातील कॅम्पमध्ये भारतीय सिमला रेंज मिळेलच याची खात्री नसल्याने तो ओटीपी वेळेत हाती पडणे कठीण असते. म्हणून मी हे काम ठाण्याच्या भाच्यावर सोपवले आहे. तो स्वतःच्या खात्यातून माझ्या नावाचे तिकीट काढतो. जे परदेशात आहेत त्यांनी असा एक भरवशाचा भाचा, पुतण्या किंवा मित्र आधीच ठरवून ठेवावा, त्या सकाळी शोधायला निघू नये.

गणपतीचा विचार वेगळाच करावा लागतो. त्या आठवड्यात कोकणाकडे जाणाऱ्या कोणत्याही गाडीचे तिकीट आरक्षण खुले होताच काही मिनिटांत संपते, जादा गाड्या सोडल्या तरी ते पुरत नाही. ओमानच्या कॅम्पमध्ये याची तयारी सहा महिने आधी सुरू होत असे. माझ्याच तालुक्यातील एक मुसलमान सहकारी होते, वयाने मोठे, त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो. त्यांची आणि माझी अदलाबदल ठरलेली असे. ईदला ते घरी जायचे आणि मी त्यांची पाळी करायचो, गणपतीला मी जायचो आणि ते थांबायचे. दोघांची घरे आठ-दहा किलोमीटरांच्या आत आहेत, तरी त्या सहा वर्षांत आम्ही दोघे एकाच वेळी राजापुरात कधीच नव्हतो.

विमानतळावरून गाडीपर्यंतच्या प्रवासाला हाताशी भरपूर वेळ ठेवावा. पहाटे चारला विमान उतरले तर पासपोर्ट, सामान आणि कस्टम्स उरकून टर्मिनल २ च्या बाहेर पडायला पाच वाजतात. त्या वेळी रस्ते मोकळे असतात आणि प्रीपेड टॅक्सी सहाच्या आत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचवते. आता विमानतळापासून सीएसएमटीपर्यंत भुयारी मेट्रोही झाली आहे, परंतु ती सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे ७.१० ची गाडी गाठायची असेल आणि तीस किलो सामान असेल तर तिच्यावर विसंबू नये. गाडी दादर आणि ठाण्यालाही थांबते. तरीही मी दक्षिणेला उलटा जाऊन सुरुवातीच्या स्थानकावरूनच बसतो, कारण तिथे गाडी फलाटावर उभी असते आणि हमालाला सामान नीट लावायला वेळ मिळतो. ठाण्याच्या दोन-तीन मिनिटांत सुंभाने आवळलेला खोका घेऊन डब्यात शिरणे म्हणजे स्वतःचे आणि इतरांचे हाल करणे होय. विमान उशिरा आले तर ठाणे हा शेवटचा आधार आहे, एवढे ध्यानात ठेवावे. मात्र चढण्याचे स्थानक वेळेत बदलून घ्यावे.

डबा कोणता घ्यावा याबद्दल माझे मत ठाम आहे. एकटा माणूस असेल आणि मे महिना नसेल तर शयनयान घ्यावे. वातानुकूलित डब्यात आराम आहे, सामान सुरक्षित वाटते, लहान मुले किंवा वृद्ध सोबत असतील तर तोच योग्य. परंतु आठ आठवडे ज्याने एसीच्या पोर्टाकेबिनमध्ये झोपून काढले आहेत आणि बाहेर पडल्यावर ज्याच्या अंगावर फक्त तापलेली वाळू आली आहे, त्याला उघड्या खिडकीची किंमत सांगावी लागत नाही. पनवेल सुटले की हवा बदलते. ओलसर मातीचा, शेणाचा, कुठेतरी पेटवलेल्या पालापाचोळ्याच्या धुराचा वास आत येतो. ओमानमध्ये नाकाला दोनच वास ठाऊक असतात, डिझेलचा आणि धुळीचा. गोव्याकडे तोंड करून बसल्यास सह्याद्री डाव्या हाताला राहतो, त्यामुळे डाव्या बाजूची खिडकी मिळावी असा प्रयत्न करतो. सकाळचे ऊन त्याच बाजूने येते, पण नोव्हेंबरात ते सुखाचे असते.

मांडवीची ख्याती तिच्या खाण्यासाठी आहे आणि ती रास्त आहे. गाडीला पॅन्ट्री कार आहे आणि मुंबई सोडल्यापासून फेरीवर फेरी सुरू असते. चहा-कॉफी झाली की इडली, मेदूवडा, उपमा, ऑम्लेट, मग कटलेट, सामोसे, बटाटेवडे, दुपारी जेवण, त्यानंतर कांदाभजी, चिकन लॉलीपॉप, टोमॅटो सूप, गुलाबजाम. आमच्या कॅम्पच्या मेसमध्ये अन्नाची कमतरता कधीच नसते. भात, दाल, चिकन, खुबूस म्हणजे अरबी रोटी, फळे, सगळे भरपूर असते, पण ते शेकडो माणसांसाठी एकाच हाताने केलेले, न खारट न तिखट असे असते. त्या जेवणावर आठ आठवडे काढून आलेल्या माणसाच्या हातात पनवेलच्या पुढे कागदी बशीतला गरम मेदूवडा पडतो तेव्हा त्याची समीक्षा करण्याच्या मनःस्थितीत तो नसतो, हे मी मान्य करतो. तरीही अनेक फेऱ्यांनंतर माझ्या आवडीनिवडी ठरल्या आहेत. सकाळच्या पहिल्या फेरीतले पदार्थ घ्यावेत, कारण ते तव्यावरून आणि कढईतून थेट आलेले असतात. पूर्ण जेवण मी कधी मागवत नाही, कारण घरी आईने दुपार टळली तरी ताट वाढून ठेवलेले असते आणि पोट भरून गेलो तर तिला ते कळते. भजी मात्र सोडत नाही. खमंग, कडेला करपट झालेली, वर्तमानपत्रासारख्या कागदावर दिलेली ती कांदाभजी आणि सोबत तळलेली मिरची, एवढ्यासाठी मी रत्नागिरीच्या आसपास पोटात जागा राखून ठेवतो.

आणि सूप. ते नेणारा माणूस आधी आवाजाने येतो, "टोम्याटो सूप, गरम सूप" असा एकाच सुरातला, प्रत्येक शब्दाचे शेवटचे अक्षर लांबवणारा आवाज. त्याच्या एका हातात नळ लावलेला स्टीलचा डबा आणि दुसऱ्या हातात कागदी पेल्यांची चळत असते. पेला भरताना गाडी वळणावर झुकली तर तो स्वतः दुसऱ्या बाजूला झुकतो आणि एक थेंबही सांडत नाही. वर पावाचे तळलेले तुकडे टाकतो. सूप गोडसर आणि मिरपूड लावलेले असते. खूप उत्तम आहे असे म्हणणार नाही, पण बाहेर पावसाची झड लागलेली असताना, खिडक्या अर्ध्या लावून, दोन्ही हातांनी पेला धरून मी जे सूप जुलैमध्ये प्यायलो त्याची आठवण मला पुढचे ५६ दिवस पुरली होती.

आता गाडीतल्या माणसांविषयी, कारण माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग तोच आहे, जरी तो तिकिटावर लिहिलेला नसला तरी. नोव्हेंबरच्या प्रवासात समोर चिपळूणच्या एक आजी होत्या. डोंबिवलीला मुलाकडे दिवाळी करून निघाल्या होत्या. माझ्या खोक्यावर मार्करने लिहिलेले नाव आणि विमान कंपनीची चिकटपट्टी पाहून त्यांनी लगेच विचारले, "आखातात असतोस काय रे? कधी आलास?" आणि मी उत्तर देण्याआधीच, "जायचं कधी परत?" रजेवर आलेल्या प्रत्येकाला गावात हे दोन प्रश्न जोडीनेच विचारले जातात, आणि पहिल्याच दिवशी दुसरा प्रश्न ऐकला की काळजात कळ उठते. पूर्वी मला त्याचा राग यायचा. पण माणगावच्या अलीकडेच आजींना मी तारीख सांगितली, त्यांनी बोटांवर दिवस मोजले, "देवदिवाळी घरी मिळेल तर तुला," असे म्हणाल्या आणि पिशवीतून करंज्यांचा डबा काढून झाकण माझ्यासमोर धरले. संध्याकाळी वाडीत तोच प्रश्न तीन जणांनी विचारला, तेव्हा तो टोचला नाही. त्याचे उत्तर मी दिवसभरात एकदा नीट देऊन मोकळा झालो होतो.

भाषेचेही असेच आहे. साइटवर मी दिवसभर हिंदी, इंग्रजी, थोडी मल्याळम आणि कामापुरती अरबी यांची मिसळ बोलतो. घरी फोनवर बोलणे होते, पण ते दहा मिनिटांचे. त्यामुळे रजेच्या पहिल्या दिवशी मराठी बोलताना माझी जीभ अडखळते, "फिनिश झालं", "खलास केलं" असे शब्द मध्येच येतात, आणि पूर्वी रात्रीच्या बसने घरी पोहोचलो की धाकटी मुलगी माझ्याकडे अनोळखी नजरेने पाहत असे. आता खेडपर्यंत माझी भाषा रुळावर येते. डब्यात भांडणे, बाजारभाव, लग्नाच्या बोलण्या, कोणाच्या जमिनीची मोजणी, असे सगळे कानावर पडत राहते आणि आपण न बोलताही आतून सरावत जातो.

वेळेच्या बाबतीत अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. कोकण रेल्वेचा मार्ग रोहा ते वीर एवढा पट्टा सोडल्यास आपल्या भागात अजूनही एकेरी आहे. समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी एखाद्या लहान स्थानकात थांबावे लागते, आणि राजधानी, तेजस, वंदे भारत यांना प्राधान्य असल्यामुळे मांडवीला अशा थांब्यांची सवय आहे. अर्धा-एक तास उशीर मी गृहीतच धरतो. पावसाळ्यात वेळापत्रकच वेगळे असते आणि गाड्या मुद्दाम कमी वेगाने चालवतात. त्याविषयी कुरकुर करणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की २००३ साली वैभववाडीजवळ आणि २००४ साली करंजाडीजवळ ऐन जूनमध्ये दरडीचे दगड रुळांवर येऊन भीषण अपघात झाले होते. आमच्या भागातील प्रत्येकाला ते दिवस आठवतात. भर पावसात इरले किंवा रेनकोट घालून, हातात कंदील-बॅटरी घेऊन रुळांवरून गस्त घालणारी माणसे खिडकीतून दिसतात, तेव्हा गाडी हळू चालली आहे याचे मला समाधान वाटते. मीही अशाच एका धोक्याच्या जागी काम करतो, जिथे घाई करणाऱ्याला बाहेर काढतात.

खरे तर क्रॉसिंगचे ते थांबे मला प्रवासातला उत्तम भाग वाटतात. नोव्हेंबरात विन्हेऱ्याच्या आसपास गाडी वीस मिनिटे उभी होती. इंजिनाचा आवाज लांब, पंखे बंद, आणि बाहेर कापणी झालेल्या खाचरांत भाताची उडवी रचलेली. एक बाई पेंढ्याचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून चालली होती, तिच्या मागे एक रेडकू. प्लान्टवर कंप्रेसर चोवीस तास चालतो आणि झोपेतही त्याची घरघर कानात असते. इतकी शांतता मी आठ आठवड्यांत ऐकली नव्हती.

खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वराजवळ शास्त्री अशा नद्या एकामागून एक येतात. उक्षी सुटल्यानंतर करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा लागतो. डब्यातले दिवे लागतात, फोनची रेंज जाते, बोलणारे गप्प होतात, आणि बाहेर पडेपर्यंत मी घरी "रत्नागिरी आली" असा फोन करायच्या तयारीत बसतो. रत्नागिरीनंतर पानवलचा पूल आहे. ६४ मीटर उंचीवरून खाली पाहिले की माडांचे शेंडे हिरव्या चांदण्यांसारखे दिसतात. दरवाजात उभे राहून फोटो काढण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, खिडकीतून पुरेसे दिसते.

या ठिकाणी मला नेहमी वडिलांची आठवण येते. ते परळला गिरणीत होते आणि शिमग्याला किंवा गणपतीला एसटीने रात्रभर घाट उतरत-चढत यायचे. राजापूरचे खासदार मधु दंडवते यांनी कोकण रेल्वेसाठी जन्मभर पाठपुरावा केला, आणि १९८९ मध्ये ते अर्थमंत्री व जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाल्यावर हे काम खऱ्या अर्थाने मार्गी लागले. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन यांच्याकडे धुरा आली आणि जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग सुरू झाला. तोपर्यंत गिरणी बंद पडली होती आणि वडील कायमचे गावी आले होते. मुंबईहून घरी येण्यासाठी त्यांना ही गाडी कधी मिळाली नाही. मी पहिल्यांदा मांडवीने आलो तेव्हा ते स्वतः स्थानकावर घ्यायला आले होते आणि गाडी गेल्यावरही रुळांकडे पाहत थोडा वेळ उभे राहिले होते.

दुसरे पर्याय आहेत, आणि प्रत्येकाचे घर राजापुरात नसते. वंदे भारत जून २०२३ पासून धावते. रत्नागिरी किंवा कणकवलीला उतरणाऱ्यांसाठी ती वेगवान आहे, पण ती पहाटे साडेपाचच्या आधीच सुटते, त्यामुळे त्याच पहाटेच्या विमानाशी तिचा मेळ बसणे अवघड. जनशताब्दी तर त्याहूनही लवकर निघते. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ले या भागातील लोकांनी २०२३ पासून सुरू असलेल्या गोव्यातील मोपा विमानतळाचा विचार आधी करावा, त्यांना मुंबईला वळसा घालण्याचे कारण नाही. ज्यांच्या घरी कोणी आजारी आहे, ज्यांना दहाच दिवसांची रजा आहे, त्यांनीही माझे ऐकू नये. त्यांनी जे पहिले साधन मिळेल ते पकडावे.

राजापूर रोड हे स्थानक राजापूर शहरापासून बरेच दूर आहे. उतरल्यावर रिक्षा मिळतात, पण गाडी उशिरा आली आणि उतरणारे जास्त असले की त्या भराभर भरतात. म्हणून मी गावातल्या रिक्षावाल्या काकांना चिपळूण सोडल्यावर फोन करून ठेवतो. खोका मागे, पिशवी मांडीवर, आणि दीड तासाचा उशीर झाला तरी उजेड असतो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण दिवसाउजेडी पोहोचण्याला किती महत्त्व आहे हे रात्री पोहोचणाऱ्याला कळत नाही. नोव्हेंबरात आमच्या वळणावर रिक्षा आली तेव्हा मुलगी शाळेतून नुकतीच आली होती आणि दप्तरासकट पायरीवर उभी होती. खोका तिच्यासमोरच उघडला. मस्कतचा हलवा, खजूर, दुधाच्या भुकटीचा डबा, आईसाठी बाम आणि ब्लँकेट, असे एकेक ती स्वतः आत नेत होती. पूर्वी हे सगळे सकाळी मी झोपेत असताना कोणीतरी उघडून ठेवायचे.

परतीला मात्र मी मांडवी घेत नाही आणि इतरांनाही तसा सल्ला देत नाही. परतीची गाडी मुंबईला रात्री दहाच्या सुमारास पोहोचते. उत्तररात्रीचे विमान असेल तर कागदावर वेळ जुळते, पण एका क्रॉसिंगने किंवा एका पावसाने तो हिशेब मोडू शकतो, आणि रुजू होण्याची तारीख चुकली तर तिकडे दुसऱ्या माणसाची सुटका लांबते. मी एक दिवस आधी संध्याकाळी तुतारी एक्स्प्रेसने निघतो. सकाळी दादरला उतरून बहिणीकडे अंघोळ-जेवण करतो आणि रात्री निवांत विमानतळावर जातो. त्यामुळे निघण्याचा दिवसही घरीच मिळतो. आई दुपारी माशाचे कालवण करते, तांदळाच्या भाकऱ्या फडक्यात बांधून देते, आणि दिवे लागायच्या सुमारास आम्ही स्थानकाकडे निघतो. कतारची पाळीही ५६ दिवसांचीच आहे. २० मार्चच्या मांडवीचे, डाव्या खिडकीचे तिकीट निघाले आहे.